प्रतिस्पर्ध्याला स्पार्क प्लग दिला आणि शर्यत काही तासांनी हरले : जेआरडी टाटा आणि आफ्रिकेचं अंतर

कैरो ते अलेक्झांड्रिया. इजिप्तमधली दोन मोठी शहरं. मोबाईलवर शोधलं तर सरळ रेषेतलं अंतर साधारण १८० किलोमीटर दिसतं आणि विमानाला लागणारा वेळ पाऊण तासाच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचं मुंबई ते शिर्डी समजा.

आता १९३० सालात जाऊ. हेच अंतर, पण विमान लाकडाचं आणि कापडाचं. नाव जिप्सी मॉथ. वरती छत नाही, रेडिओ नाही, वेग ताशी १३५-१४० किलोमीटर. एकदा टाकी भरली की जेमतेम ५०० किलोमीटर जाणार. त्या विमानाला कैरो ते अलेक्झांड्रिया जायला दीड तास लागायचा, तोही वारा समोरून नसेल तर.

१९३० च्या मे महिन्यात याच अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर नावाच्या विमानतळावर २५ वर्षांचा एक पोरगा असंच एक विमान घेऊन उतरला. तो शर्यतीत होता. तिथे त्याला दुसरं एक मॉथ उभं दिसलं. त्याचा वैमानिक होता त्याच शर्यतीतला त्याचा प्रतिस्पर्धी, वय वर्षं १७. त्याच्या इंजिनाचा स्पार्क प्लग गेला होता आणि जवळ दुसरा नव्हता.

२५ वर्षांच्या पोरानं आपल्याकडचे जादा प्लग काढून त्याला दिले. शर्यत १७ वर्षांचा पोरगा जिंकला. तो अस्पी इंजिनिअर. आणि प्लग देणारा होता जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे आपले जेआरडी.

हा किस्सा बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. पण जेआरडींच्या आयुष्यात आफ्रिका या एका किस्स्यापुरती येत नाही. ती पुन्हा पुन्हा येते, कधी जीव वाचवणारी म्हणून तर कधी धंद्याचा नवा रस्ता म्हणून. आणि दर वेळी प्रश्न तोच असतो : अंतर किती आणि वेळ किती लागणार?

आधी मोरोक्को

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभॉय टाटा हे जमशेदजींच्या नात्यातले आणि धंद्यातले भागीदार. आई सुझान ही फ्रेंच. त्यामुळे लहानपण अर्धं फ्रान्समध्ये, अर्धं मुंबईत. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावी त्यांचं उन्हाळ्यात राहायचं घर होतं आणि शेजार होता लुई ब्लेरिओचा. ब्लेरिओ म्हणजे १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानानं ओलांडणारा पहिला माणूस. शेजारीच असा माणूस असेल तर पोराच्या डोक्यात दुसरं काय शिरणार? पंधराव्या वर्षी तिथंच जेआरडी पहिल्यांदा विमानात बसले. पैसे भरून मारलेली एक फेरी, एवढंच. पण ती डोक्यातून गेली नाही.

फ्रेंच नागरिक असल्यानं विशीत त्यांना फ्रान्सच्या लष्करात सक्तीची नोकरी करावी लागली. त्यांना घालण्यात आलं स्पाही पथकात. 'स्पाही' हा शब्द आपल्या 'शिपाई'चाच भाऊ. मूळ उत्तर आफ्रिकेतलं हे फ्रेंचांचं घोडदळ. जेआरडींना तिथं करमायला लागलं होतं आणि आणखी काही महिने राहायचा त्यांचा विचार होता. वडिलांनी नाही म्हटलं आणि परत बोलावलं. पोरगा नाराज झाला.

नंतर ते पथक मोरोक्कोत लढाईला गेलं. तिथं अब्द अल करीमच्या नेतृत्वाखाली रीफ टोळ्यांनी बंड पुकारलं होतं. जेआरडींच्या चरित्रांमध्ये नोंद आहे की त्या मोहिमेत त्यांच्या पथकाची वाताहत झाली आणि सोबतचे जवान मारले गेले. वडिलांनी त्या वेळी पोराचं ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

१९२५ मध्ये ते टाटांकडे बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. पुढच्याच वर्षी वडील गेले. १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं. त्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या या परवान्यावर क्रमांक होता १.

शर्यतीचं गणित

शर्यत काय होती ते नीट समजून घेऊ, कारण अंतर आणि वेळ यातला फरक इथंच कळतो.

आगाखानांनी बक्षीस लावलं होतं ५०० पौंडांचं. अट अशी की भारतीय माणसानं एकट्यानं इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड विमान न्यायचं आणि निघाल्यापासून महिन्याच्या आत पोचायचं. कुठल्याही बाजूनं निघालं तरी चालेल.

कराची ते लंडन सरळ रेषेत साधारण ६,३०० किलोमीटर भरतं. मॉथच्या वेगानं हिशेब केला तर हवेत ४६ तास. म्हणजे कागदावर दोन दिवसांचं काम. मग महिन्याची मुदत कशाला?

कारण सरळ रेषेत जाता यायचं नाही. दर ४००-५०० किलोमीटरवर पेट्रोल मिळेल अशी जागा हवी. त्यामुळे कराचीहून इराणचा किनारा, मग इराक, तिथून वाळवंट ओलांडून इजिप्त आणि मग भूमध्य समुद्राच्या कडेनं युरोप अशी वाट वाकडी करत जावं लागे. रात्री उडायची सोय नाही. धुळीचं वादळ आलं तर दिवस गेला. होकायंत्र चुकलं तर आणखी एक दिवस गेला. अस्पी इंजिनिअर २५ एप्रिलला इंग्लंडमधून निघाला आणि ११ मे रोजी कराचीत उतरला. हिशेबातले दोन दिवस प्रत्यक्षात सोळा झाले.

जेआरडी ३ मे रोजी कराचीहून उलट्या दिशेनं निघाले होते. त्यामुळे दोघांची भेट वाटेत कुठंतरी व्हायचीच होती. ती अबुकीरला झाली. प्लगच्या बदल्यात अस्पीनं आपलं लाईफ जॅकेट जेआरडींना देऊ केलं. ते साहजिक होतं. अस्पीच्या पुढे आता वाळवंट होतं, जेआरडींच्या पुढे समुद्र.

अस्पी कराचीत पोचला तेव्हा जेआरडी युरोपात पोचलेले होते, पण इंग्लंड गाठायचं बाकी होतं. फरक राहिला काही तासांचा. शर्यतीतला तिसरा गडी मनमोहन सिंग आधी पोचला होता, पण वाटेत विमान दुरुस्तीत दिवस गेल्यानं महिन्याची मुदत उलटली आणि त्याचं बक्षीस हुकलं.

प्लग देण्यात गेलेल्या वेळेमुळेच जेआरडी हरले, असं ठासून सांगितलं जातं. ते जरा ताणलेलं आहे. इतक्या लांबच्या प्रवासात काही तास कुठंही जाऊ शकतात. पण प्लग दिला नसता तर अस्पी अबुकीरलाच अडकून पडला असता, एवढं मात्र खरं. याच अस्पीनं पुढे हवाई दलात नोकरी धरली आणि १९६० मध्ये तो भारताचा हवाई दल प्रमुख झाला.

दक्षिण आफ्रिकेचा माणूस आणि जुहूची झोपडी

टाटांनी विमान कंपनी काढली हे सगळ्यांना माहीत असतं. पण कल्पना घेऊन कोण आलं होतं? नेव्हिल व्हिन्सेंट. हा दक्षिण आफ्रिकेचा, ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक. भारतात गावोगावी विमानं फिरवून लोकांना पैसे घेऊन हवेत चक्कर मारून आणायचा त्याचा उद्योग होता.

व्हिन्सेंटचं म्हणणं साधं होतं. इम्पिरियल एअरवेजची विमानं लंडनची टपाल कराचीपर्यंत आणतात. पुढे ती टपाल रेल्वेनं जाते आणि विमानानं वाचवलेला वेळ रेल्वेत घालवते. मग कराचीहून मुंबई आणि मद्रासपर्यंत आपणच विमान का नेऊ नये?

सर दोराबजी टाटांना हे फारसं पटलेलं नव्हतं. जेआरडी आणि त्यांचे वरिष्ठ जॉन पीटरसन यांनी गळ घातल्यावर दोन लाख रुपयांच्या भांडवलाला होकार मिळाला. सरकारनं मात्र अनुदान द्यायला नकार दिला आणि परवानगीतच दोन-तीन वर्षं गेली.

१५ ऑक्टोबर १९३२. पहाटे साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पुस मॉथ विमान घेऊन एकटे निघाले. सोबत टपालाची थैली. वाटेत अहमदाबादला उतरले. तिथं पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आधी ते जुहूला उतरले. कराची-अहमदाबाद साधारण ६०० किलोमीटर, अहमदाबाद-मुंबई ४४० किलोमीटर. सव्वासात तासांत हजार किलोमीटर, त्यात बैलगाडीची वाट बघणंही आलं. जुहूहून पुढे व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेला.

जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची सपाट पट्टी आणि झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. पावसाळ्यात तिथं पाणी भरायचं, मग सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याला हलायचं. रेडिओ नाही, वाट दाखवणारं काही नाही, आणि सह्याद्रीवरचा पाऊस तर आपल्याला माहीतच आहे. तरीही पहिल्या वर्षी टाटांची टपाल वेळेवर पोचण्यात कधी चुकली नाही. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात विमानं १ लाख ६० हजार मैल उडाली, १५५ प्रवासी आणि सुमारे पावणेअकरा टन टपाल नेली. १५५ प्रवासी म्हणजे आजच्या एका फेरीत बसतात तेवढे!

व्हिन्सेंट दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, इंग्लंडहून येताना विमान पाडलं गेल्यानं मेला. आज त्याचं नाव फार कुणी घेत नाही. भारतातल्या नागरी विमान वाहतुकीच्या गोष्टीत त्याला जेआरडींच्या बरोबरीनं जागा मिळायला हवी होती.

मुंबईहून निघालं की पहिला थांबा आफ्रिका

१९३८ मध्ये, ३४ व्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, सगळा पसारा अंगावर आला. पण जीव विमानातच होता. १९४६ मध्ये टाटा एअरलाईन्सची 'एअर इंडिया' झाली. स्वातंत्र्यानंतर परदेशी सेवेसाठी सरकार आणि टाटा यांनी मिळून एअर इंडिया इंटरनॅशनल काढली.

८ जून १९४८ रोजी रात्री मुंबईहून 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान लंडनला निघालं. ३५ प्रवासी. तिकीट १,७२० रुपये. जेआरडी स्वतः विमानात होते. मार्ग : मुंबई, कैरो, जिनिव्हा, लंडन.

कैरो का? अठरा वर्षांपूर्वी ज्या कारणानं अबुकीर, त्याच कारणानं. मुंबई ते कैरो साधारण ४,३०० किलोमीटर. कॉन्स्टेलेशन एका दमात एवढं जाऊ शकत होतं. लंडनपर्यंत एका दमात जाणं तिच्या आवाक्यात नव्हतं. म्हणजे टप्पा ५०० किलोमीटरवरून साडेचार हजारांवर गेला, पण इंधन भरायला इजिप्त काही चुकलं नाही.

दोन वर्षांनी, १९५० मध्ये, एअर इंडियानं दुसरा आंतरराष्ट्रीय मार्ग उघडला तो नैरोबीचा. न्यूयॉर्क नाही, सिंगापूर नाही, नैरोबी! आज हे विचित्र वाटेल, पण तेव्हाचा हिशेब पक्का होता. १८९६ पासून इंग्रजांनी मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली, त्यासाठी पंजाबातून हजारो मजूर नेले. त्यांच्या मागून आणि काही आधीपासूनच गुजराती व्यापारी गेले. गोव्याचे लोक कारकुनी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत गेले, मराठी कुटुंबंही पोचली. यांचं जाणं-येणं होतं ते मुंबई बंदरातून, 'करंजा', 'कंपाला' अशा बोटींनी. मोंबासापर्यंत आठवडाभर समुद्र बघायचा आणि तिथून पुढे रेल्वेनं नैरोबी. घरी आजारपण झालं, लग्न निघालं, तर निरोप मिळून माणूस येईपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं.

विमानानं हा आठवडा एका दिवसाच्या आत आणला.

मुंबई ते नैरोबी सरळ रेषेत सुमारे ४,५०० किलोमीटर आहे. तेव्हा वाटेत एडनला थांबत. मुंबई-एडन ३,०५० आणि एडन-नैरोबी १,८००, म्हणजे वळसा फक्त तीनशे-साडेतीनशे किलोमीटरचा. आज हेच अंतर विमान सहा तासांच्या आसपास कापतं.

आता एक गंमत. सकाळी ६ ला मुंबईहून निघून सहा तासांनी नैरोबीत उतरलात तर तिथं घड्याळात साडेनऊ वाजलेले असतात, कारण केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिकिटावर प्रवास साडेतीन तासांचा दिसतो. परत येताना याच्या उलट, तिकिटावर साडेआठ तास. म्हणून तिकिटावरच्या वेळा वजा करून प्रवासाचा वेळ काढू नये.

उत्तर-दक्षिण प्रवासात हा घोळ कमी होतो. कैरो ते नैरोबी बघा. अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर, थेट विमानाला पाच तासांच्या आसपास, आणि घड्याळात फरक फार तर तासाचा. जेआरडींच्या मॉथला हेच अंतर कापायला हवेत २६ तास आणि वाटेत किमान सहा-सात मुक्काम लागले असते. १९३२ मध्ये इम्पिरियल एअरवेजची लंडन-केपटाऊन सेवा सुरू झाली तेव्हा प्रवाशाला दहा-अकरा दिवस लागायचे. रात्री उतरून हॉटेलात झोपायचं, सकाळी पुन्हा निघायचं.

आणि थेट विमान नसेल तर? आफ्रिकेतल्या कितीतरी शहरांमध्ये आजही थेट विमान नाही. शेजारच्या देशात जायला लांबच्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून फिरून जावं लागतं. दोन तासांचं अंतर, दिवसभराचा प्रवास. कारण डोंगर किंवा समुद्र नाही, तर सरकारांच्या परवानग्या आणि प्रवाशांची कमी संख्या. विमान कंपन्यांसाठी आकाश मोकळं करायचं, असं आफ्रिकी देशांनी १९९९ मध्ये यामुसुक्रो इथं ठरवलं. अंमलबजावणी अजून अर्धवट आहे.

माँ ब्लाँ

'मलबार प्रिन्सेस'चं पुढे काय झालं? ३ नोव्हेंबर १९५० रोजी कैरोहून जिनिव्हाला जाताना ती आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळली. विमानातले ४८ जण गेले. जेआरडी ज्या विमानातून पहिल्यांदा लंडनला गेले होते, तेच विमान.

१९६६ च्या जानेवारीत याच डोंगरावर एअर इंडियाचं 'कांचनजंगा' कोसळलं. ११७ जण गेले. त्यात होमी भाभा होते. जेआरडींच्या पाठिंब्यावर भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली होती आणि दोघांची जुनी मैत्री होती. वेळेवर पोचण्याचं वेड असलेल्या माणसाच्या खात्यावर हेही आहे.

वेळेचा माणूस

१ ऑगस्ट १९५३ रोजी सरकारनं विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना ते अजिबात मान्य नव्हतं, आपल्याशी नीट चर्चाही झाली नाही हे त्यांना लागलं होतं. तरी नेहरूंनी विचारल्यावर त्यांनी एअर इंडियाचं अध्यक्षपद घेतलं, बिनपगारी. पुढे २५ वर्षं ते या पदावर राहिले. प्रत्येक प्रवासानंतर त्यांच्या चिठ्ठ्या जायच्या. पडदा मळका आहे, चहा आणि कॉफीचा रंग सारखाच दिसतो, अमुक टेबलावर धूळ होती. विमानातलं स्वच्छतागृह अस्वच्छ दिसलं तर स्वतः साफ करायलाही ते लाजत नसत. जिनिव्हात लोक एअर इंडियाचं विमान आलं की घड्याळ लावून घेतात, असा किस्सा तेव्हापासून फिरतो. किस्सा खरा-खोटा काहीही असो, तो एअर इंडियाबद्दल सांगितला जायचा हे महत्त्वाचं. जून १९६२ मध्ये सगळा ताफा जेट विमानांचा असलेली ती जगातली पहिली विमान कंपनी ठरली.

१ जानेवारी १९७८ रोजी 'सम्राट अशोक' हे जम्बो जेट मुंबईहून उडाल्यावर वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. महिन्याभरातच मोरारजी देसाई सरकारनं जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. ज्या संस्थेला त्यांनी ४६ वर्षं दिली, तिथून आपल्याला काढलंय ही बातमी त्यांना सरकारकडून थेट नाही तर दुसऱ्यांच्या तोंडून कळली. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, अध्यक्षपद मात्र पुन्हा मिळालं नाही.

पुन्हा कराची ते जुहू

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली होती. ७८ वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ हे जुनं विमान घेऊन कराचीहून निघाले आणि संध्याकाळी जुहूला उतरले. हृदयविकार असताना, वय झालेलं असताना, पुन्हा एकट्यानं.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत, आई-वडिलांजवळ, त्यांना पुरण्यात आलं. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली. जुहूच्या त्या झोपडीपासून हा विमानतळ सरळ रेषेत २७-२८ किलोमीटर. जिप्सी मॉथला बारा मिनिटं. गाडीनं मात्र वाशीच्या पुलावर काय चाललंय त्यावर अवलंबून.

आणि कराची ते मुंबई? ९०० किलोमीटरच्या आतलं अंतर. जेआरडींनी १९३२ मध्ये बैलगाडीतून आलेल्या पेट्रोलवर ते एका सकाळीत कापलं. आज या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. जायचंच असेल तर दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणी उतरून, विमान बदलून जावं लागतं.